डोळा न मारता लिहिलेली बातमी

डोळा मारणे हा शब्द बाईमाणसानं तोंडातून काढायचा नाही, असा माझ्या माहेरी दंडक होता. डोळा मारतात ते वेशीवर बसणारे टवाळ, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन कळंबला आले तेव्हा कळलं, की या गावात नातवंडं झालेली शहाणीसुरती माणसंही भर बाजारात डोळा मारतात आणि त्याला वर्तमानपत्र वाचणं म्हणतात.

राज्य निजामाचं. पलीकडं बार्शी, तिथं इंग्रजाचा अंमल. तिकडून एक साप्ताहिक यायचं आणि आमचे यजमान वकिली सांभाळून त्याचे कळंबचे वार्ताहर होते. कोर्टात दिवसभर उर्दू, घरी आल्यावर मराठी बातमी. पण सरळ लिहिण्याची सोय नव्हती. सरकारविरुद्ध एक शब्द छापून आला की पेपराला हद्दीत यायची बंदी आणि लिहिणाऱ्याला कोठडी. म्हणून हे सगळं उलटं लिहायचे. लेव्हीच्या, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायच्या धान्यासाठी शेतकऱ्यांची पेवं उकरली गेली, की ह्यांची बातमी: "लेव्ही घालताना शेतकरीवर्गाच्या मुद्रेवर अपार समाधान दिसत होते." तालुक्याला साहेब येऊन कोंबड्या-बकऱ्या फस्त करून गेले, की "साहेबांनी रयतेच्या पाहुणचाराचा नम्रपणे स्वीकार केला." यात पकडायचं काय आणि कुणी?

गावात मराठी वाचता येणारे थोडे. शाळा उर्दू होती. म्हणून बाजारच्या दिवशी शिंपीआळीत मास्तरांच्या दुकानाच्या ओट्यावर पेपराचं जाहीर वाचन व्हायचं. मास्तर म्हणजे शिंपी. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. मांडी घालून बसायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि कीर्तनकाराच्या आवाजात वाचायचे. "अपार समाधान" आलं की क्षणभर थांबायचे आणि उजवा डोळा मिटायचे. ओटा हसून लोळायचा. तिथं पाळतीवर एक हवालदार बसवलेला असे. तो खेकसायचा, "क्या है रे?" मास्तर डोळा चोळत म्हणायचे, "धागा गेला डोळ्यात, जमादारसाब. शिंप्याचा धंदा हाय." आता पापणी मिटली म्हणून गुन्हा कुठल्या कलमाखाली नोंदवणार?

यजमान यावर खूश असायचे. म्हणायचे, "कागदाला पापणी नसते. ती आपल्याला मास्तर पुरवतात." माझ्या मनात मात्र कायम धाकधूक. हसणाऱ्या गावाकडं पाहून मला कधी निर्धास्त वाटलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यानंतर गावातलं हसू आटलं. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या खेड्यापाड्यांतून फिरायला लागल्या. आम्ही त्यांचं नावही घ्यायचो नाही, नुसतं "ते लोक" म्हणायचो. ज्या घरातला तरुण पोरगा सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेल्याचा संशय, त्या घराला आग. नवऱ्यानं कोर्टातून यायला जरा उशीर केला की माझा जीव टांगणीला लागायचा. मी तुळशीपुढं उभी राहून देवाला नको नको ते कबूल करून बसायची.

त्याच दिवसांत पोलिस ठाण्याला नवे अमीन आले. ठाण्याच्या मुख्य अंमलदाराला तेव्हा अमीन म्हणत. मुरुमकडचे होते. उंच, चेहऱ्यावर देवीचे वण, बोलणं मोजकं. बायको आणि दोन लहान मुली बरोबर. गावानं त्यांच्याशी ओळख करून घेतली नाही. खाकी अंगावर असलेल्या माणसाशी कोण ओळख करून घेतो?

आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी भर बाजारातून पाच-सहा पोरं उचलली. त्यात माझा दीर होता आणि मास्तरांचा एकुलता एक मुलगाही होता. सगळ्या बाजारासमोर त्यांना काठ्या मारत, दोरीनं बांधून ठाण्यात नेलं. मास्तर हातातलं कापड टाकून मागं धावले, तर शिपायानं त्यांना ढकलून दिलं. दुपारी येरमाळ्याच्या रस्त्यानं "त्या लोकांची" मोटार आली, ठाण्यापुढं थांबली आणि गेली. गाव समजलं, की अमीनानं पोरं त्यांच्या हवाली केली. ठाण्यातून सांगण्यात आलं, की पोरांना बाहेरगावच्या तुरुंगात धाडलंय. कुणाचाच विश्वास बसला नाही. आमच्या घरात चूल पेटली नाही, आणि मास्तरांच्याही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दिवस उगवायच्या सुमारास, परसदारी दीर उभा. कपडे फाटलेले, पाठ सुजलेली, पण जिवंत. मी तोंडात पदर कोंबला, नाहीतर ओरडलेच असते. तो घाईघाईनं सांगायला लागला.

"वैनी, ते लोक आमाला उचलाय येनार व्हते. अमीनसायबाला आधी खबर लागली. म्हनून त्यांनी आमच्यावर चोरीचा गुन्हा घातला अन् कोठडीत टाकलं. बाजारात मारलं ते दाखवायापुरतं. ते लोक मागाय आले तर म्हनले, ही सरकारची कैदी हायती, वरचा हुकूम आना. आज आमाला मागल्या दारानं सोडलं. मास्तरचा पोरगा वड्यात थांबलाय माज्यासाठी. आमी सरहद्द वलांडतो."

"मास्तरांना सांगते मी," मी म्हटलं.

"न्हाय! कुनालाच न्हाय. कळलं तर अमीनसायबाला ते उभ्या उभ्या गोळी घालतील. त्यांनी आमाला शपथ घातलीया."

भाकरी बांधून दिली, तो गेला. आणि आमच्या घरात त्या दिवसापासून एक वेगळीच घुसमट सुरू झाली. रस्त्यापलीकडं मास्तर मशिनीपुढं बसलेले दिसायचे. पाय चालवत नव्हते, नुसते बसायचे. त्यांचा मुलगा सुखरूप असल्याचं मला माहीत आणि त्यांना नाही. मी यजमानांच्या मागं लागले, की त्यांना बोलावून घ्या आणि कानात सांगा. पण मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मुलगा जिवंत असल्याचं कळलं असतं तर संध्याकाळी त्यांनी शिंपीआळीत साखर वाटली असती, आणि सकाळी अमीनसाहेबांचा जनाजा निघाला असता.

तेव्हा यजमानांनी त्यांच्या मते मोठी अक्कल चालवली. त्यांनी बातमी लिहिली. मला वाचून दाखवली. "कळंबचे नवे अमीन हे न्यायी व माणुसकीचे गृहस्थ असून त्यांच्या अंमलात येथील तरुण मंडळी सुरक्षित आहेत."

मी डोक्याला हात लावला. "अहो, हे तर तुमच्या नेहमीच्या बातम्यांसारखंच झालं! मास्तर काय समजतील?"

"मास्तर हुशार आहेत. शब्द न् शब्द खरा आहे, त्यांना जाणवेल."

"जाणवेल कशानं? तुम्ही इतकी वर्षं त्यांना हेच शिकवलंत ना, की चांगलं लिहिलं की वाईट समजायचं?"

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग म्हणाले, "तर काय, वर असं लिहू, की ही बातमी खरी आहे? म्हणजे बाकीच्या खोट्या होत्या, हे हवालदाराला लिहूनच दिल्यासारखं."

अंक आला, त्या सकाळी मी चोळीचं कापड घेऊन मास्तरांच्या ओट्यावर गेले. हवालदार खांबाला टेकून बसलेलाच होता. मी मास्तरांकडं बघून, जेवढं जमेल तेवढं सावकाश म्हटलं, "मास्तर, आज पेपरात जे छापून आलंय ते जसंच्या तसं खरं आहे बरं."

मास्तरांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हवालदाराकडं पाहिलं, आणि त्या दुःखातही त्यांचा उजवा डोळा किंचित मिटला. "व्हय वैनी. कवा खोटं असतंय का?"

मला रडू फुटायचं बाकी होतं. मी कापड तिथंच टाकून समोरच्या कासाराच्या दुकानात शिरले आणि हात पुढं करून बसले, की तेवढाच ओट्यावर कान राहील. कासारीण बांगड्या चढवत होती, माझं लक्ष नव्हतं, हाताला रक्त आलं.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच वाचत होते. बाजारभाव झाले, जाहीर नोटिसा झाल्या. मग आमची बातमी आली. "न्यायी व माणुसकीचे गृहस्थ" म्हणताना त्यांनी सवयीनं विराम घेतला. दोघंतिघं हसायच्या बेतात आले. "येथील तरुण मंडळी..." इथपर्यंत वाचून ते थांबले. "सुरक्षित आहेत," असं म्हणाले, आणि त्यांचा डोळा आपोआप मिटला.

तो मिटल्यावर त्यांना समजलं, की आपण काय वाचलं. समजलं म्हणजे, जे समजायचं नव्हतं ते. मिटलेल्या डोळ्यावर त्यांनी हात ठेवला तो काढलाच नाही. कुणी हसलं नाही. आणि मी मान वर केली तर रस्त्यावर सायकल हातात धरून अमीनसाहेब उभे होते. त्यांनी बातमी ऐकली होती. मास्तरांचा डोळाही पाहिला होता आणि आता ओट्यावरचा एकेक माणूस त्यांच्याकडं कसा बघतोय तेही ते पाहत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. ते सायकलवर बसून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी कुणाचं न ऐकता मास्तरांच्या घरी गेले आणि दार लोटून सरळ सांगितलं, "तुमचा पोरगा जिवंत आहे. सरहद्दीपलीकडं आहे. आमच्याकडं पक्की खबर आहे."

मास्तर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. "वैनी, तुमी लई चांगल्या हाव. मला बरं वाटावं म्हनून आलाव. पर वकीलसायबाचा कागद कवा खोटा निगाला न्हाय."

मी खूप सांगून पाहिलं. ते नुसती मान हलवत राहिले. घरी येऊन मी यजमानांना नाही नाही ते बोलले. ते भिंतीकडं तोंड करून पडून होते.

पुढं पेपराला बंदी आली आणि सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या. सोलापूरकडून रणगाडे आले आणि पुढं निघून गेले. जुनं राज्य गेलं होतं आणि नवं अजून गावात पोचलं नव्हतं. त्या मधल्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात जे झालं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे, आणि त्यात गरीब मुसलमानांची घरंच जास्त जळाली. "ते लोक" कधीच पळाले होते. ठाण्यातले शिपाई वर्दी टाकून गेले. अमीनसाहेब गेले नाहीत. म्हणे, मी काय केलंय पळून जायला?

एका सकाळी कासारीण धावत आली. "अमीनाच्या घराकडं मानसं निगाल्यात. मास्तर म्होरं हाय."

यजमान तसेच अनवाणी धावले. मी त्यांच्या मागं. अमीनसाहेबांचं घर ठाण्याच्या मागं होतं, एक खोली, पडवी आणि पुढं अंगण. अंगण माणसांनी भरलेलं. काठ्या, कुऱ्हाडी आणि सगळ्यांच्या पुढं मास्तर, हातात कापड कापायची मोठी कात्री. दार आतून बंद. आत लहान मुलगी रडत होती आणि कुणीतरी तिचं तोंड दाबत होतं, ते बाहेर ऐकू येत होतं.

यजमान पडवीवर चढले. "थांबा! ह्या माणसानं पोरं वाचवलीत. मी लिहिलं होतं ते खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वकीलसाब, आता कशापाई? राज गेलं त्यांचं. आता उघड बोला की!"

"उघडच बोलतोय!"

यावर लोक हसले. अजून ते हसणं माझ्या कानातून जात नाही. पुढं उभ्या असलेल्या एकानं यजमानांकडं बघून, अगदी आपुलकीनं, डोळा मारला. म्हणजे, समजलं बरं का आम्हांला. यजमान वेड्यासारखे ओरडायला लागले, "नका मारू डोळा! अरे नका मारू!" ते जितकं ओरडत होते तितकी माणसं पुढं सरकत होती.

मास्तर दाराशी आले. फार शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, बाजूला व्हा. तुमीच सांगितलंय मला. छापून सांगितलंय."

मी कधी पुढं झाले मला आठवत नाही. पुढं लोकांनी माझं फार कौतुक केलं, की वकिलीणबाई वाघिणीसारखी उंबऱ्यावर बसली. कसली वाघीण! माझे पाय गळाले आणि मी उंबऱ्यावर बसले. पाठीला बंद दार होतं आणि डोळ्यांपुढं ती कात्री.

"वैनी, उठा."

"मास्तर," मी म्हटलं. मी कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, सगळ्यांना दिसेल असं. यजमान शेजारीच उभे होते. "ह्या कुंकवाची शपथ. तुमचा मुलगा जिवंत आहे. ह्या घरातल्या माणसानं त्याला सोडलंय. खोटं असलं तर आत्ता, इथं, माझं कपाळ पांढरं होऊ दे."

अंगणातल्या बायका पुढं झाल्या होत्या, त्यांच्यातली एक म्हणाली, "आगं आई." नवऱ्याच्या जिवाची शपथ बाई थट्टेत घेत नाही, नवरा समोर उभा असताना तर नाहीच. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. दोन्ही डोळे उघडे, लाल. बराच वेळ पाहत राहिले. मग कात्री त्यांच्या हातून सुटली आणि ते तिथंच अंगणात बसले. मुलाच्या नावानं हंबरडा फोडला तो तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

माणसं हलली नाहीत, पण पुढंही आली नाहीत. तसंच कितीतरी वेळ चाललं. मग फौजेचा ट्रक आला. ट्रकमधल्या लष्करी साहेबानं अमीनसाहेबांना ताब्यात घेतलं, कारण निजामाचा अंमलदार. ट्रकमध्ये चढताना त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. त्यांच्या बायकोला आणि मुलींना मी घरी आणलं. पुढचे कितीतरी महिने त्या आमच्याकडंच होत्या. धाकटी माझ्या कुशीत झोपायची आणि झोपेत दचकायची.

मास्तरांचा मुलगा आणि माझा दीर, दोघं दसऱ्याच्या आसपास परतले. मास्तरांनी त्याला ओट्यावर बसवून त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा. मग स्वतः उस्मानाबादला गेले आणि पोरांबरोबर अमीनसाहेबांच्या बाजूनं साक्ष दिली. यजमानांनीही दिली. चौकशी रेंगाळत चालली, पण ते सुटले.

सुटून आमच्या घरी आले तेव्हा अंगावर साधा सदरा होता. दाढी पांढरी झाली होती. मुली त्यांना ओळखेनात. मी जेवायला वाढलं, ते दोन घास खाऊन उठले. टांगा दारात उभा होता, सामान चढलं. ते निघता निघता यजमानांपाशी थांबले.

"वकीलसाब, एक बात पूछना था. परचे में मेरे बारे में जो लिखे थे तुम... सच्ची लिखे थे, या मजाक उडाये थे?"

मला धक्काच बसला. त्यांची बायको-मुलं आमच्या ताटात जेवत होती. ह्यांनी कोर्टात त्यांच्यासाठी शपथेवर साक्ष दिली होती. तरी इतके दिवस तुरुंगात ते हाच एक प्रश्न उगाळत बसले होते.

"सच्ची, अमीनसाब," यजमान म्हणाले. "एक एक हर्फ सच्चा."

अमीनसाहेब त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहिले. यजमान पापणी हलू देत नव्हते, हलली तर काय होईल या भीतीनं. डोळ्यांत पाणी जमलं तरी त्यांनी ते मिटले नाहीत.

शेवटी अमीनसाहेब किंचित हसले आणि त्यांनी यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाने दो, वकीलसाब. जो भी लिखे, खूब लिखे."

टांगा निघाला. मुलींनी मागं वळून मला हात केला. टांगा वळणाआड गेला तरी यजमान दारात उभेच होते. मग आत आले, पाटावर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याला पटलं नाही गं."